हिरवी तुळस

"माह्या तुळशीले रोज पाणी घालजो, रुखमा. पण कोणाले सांगजो नोको. बोलून दाखवला का नेम फुकट जाते."

शेवटच्या दुखण्यात हात धरून घरमालकाची आई भागीरथाबाई बोलल्या होत्या. तो आवाज कानात आला आणि रुखमानं उघडलेलं तोंड मिटलं. पत्रूभाऊंचा प्रश्न अंगणात तसाच राहिला. "कोन पाणी घालते हिले?"

बल्लारपूरच्या उन्हानं अंगणातली जास्वंदसुद्धा जळली होती. वृंदावनातली तुळस तेवढी मंजिऱ्यांनी डवरलेली.

भाडेकरूंचं म्हणणं साधं होतं. होळीत मोटर जळाली, तेव्हापासून टाकी कोरडी. बाया देवळामागच्या हातपंपावरून पाणी वाहतात. मोटर सुधरेस्तोवर भाडं अर्धं घ्या, उरल्या पैशात टँकर बोलावू. घरमालक गुणवंतराव ऐकेनात, म्हणून मोहल्ल्यातल्या पत्रूभाऊंना निवाड्याला बसवलं होतं.

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. कुणालाच ठाऊक नव्हतं.

"घालाले कोन पाह्यजे? नळाले पाणी येते, कोनी बी घालते," गुणवंतराव हसले. "टाकी कोरडी म्हणते, नळ कोरडे म्हणते. मंग माह्या मायची तुळस काय हवा पिऊन राह्यली, पत्रूभाऊ? भाडं बुडवाचे धंदे आहेत हे!"

कळशी वाहून वाहून रुखमाची कंबर धरली होती. एक शब्द बोलली असती, तर सगळ्यांचं काम झालं असतं. ती पदराचं टोक पिळत उभी राहिली.

पत्रूभाऊंनी मातीत बोट खुपसलं. ओल लागली. ते उठले. "पाणी आहे म्हणाले लागते, बाई. भाडं पूर्ण द्या."

संध्याकाळी नवरा, लटारू, जेवताना घास तसाच ठेवून म्हणाला, "ते तुळस वाळली असती ना, तं आज आपण जितलो असतो."

रुखमानं त्याच्या ताटात भाकर वाढली. तो रातपाळीवर निघून गेला.

पहाटे सगळी चाळ झोपेत होती. रुखमानं कळशी उचलली. गुणवंतरावांच्या दाराशी आली तेव्हा आवाज नको म्हणून चपला काढून हातात घेतल्या, आणि हातपंपाच्या वाटेला लागली.