तालमोराचा पूल

"आज त्याला जिंकू दे, ग्लेनिस. एकदाच," जॉयलिन दार अडवून म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, त्याला त्रास होईल असं काही नको. नुसतं म्हण, डेस, तुझंच बरोबर होतं. तुझं काय जातंय त्यात?"

ग्लेनिस पायबसने लॅपटॉपची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. बर्नी गावच्या बंदरावरून येणारा वारा तिच्या पाठीत शिरत होता.

"ते मला जमणार नाही."

"अगं, माणूस आजारी आहे!"

"आजारी आहे, जॉयलिन. खुळा नाही झालेला."

जॉयलिन बाजूला झाली, पण तिचे ओठ घट्ट मिटले होते.

भांडण होतं 'तालमोरा'वरून. राजे, चेटकिणी आणि ड्रॅगन असलेला तो व्हिडिओ गेम. एकामागून एक त्याचे सात भाग निघाले होते. ग्लेनिस शाळेची बस चालवायची. जॉयलिनचा नवरा डेस हार्डवेअरच्या दुकानात होता. दर शनिवारी दुपारी दोघं बेकरीतलं कोपऱ्यातलं टेबल धरून, लॅमिंग्टन केक खात, एकाच प्रश्नावरून एकमेकांचं डोकंही खात. तिसऱ्या भागातली गोष्ट पहिल्या भागाच्या आधी घडते की नंतर? पहिल्या भागात राजधानीचा मोठा पूल मोडून पडलाय. तिसऱ्या भागात पूल धडधाकट उभा आहे. ग्लेनिसचं म्हणणं, तिसरा भाग आधीचा. पूल तेव्हा अजून मोडायचा होता. डेसचं म्हणणं, तिसरा नंतरचा. लोकांनी पूल पुन्हा बांधला. गेम काढणाऱ्यांनी कधीच तोंड उघडलं नाही, म्हणून जगभरचे चाहते इंटरनेटवर एकमेकांवर तुटून पडत. बर्नीत दोन्ही फौजा एकेका माणसाच्या होत्या. वीस वर्षांत कोणीही मागे हटलं नव्हतं.

मग मार्चमध्ये डेसला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. डोकं शाबूत आहे, डॉक्टर म्हणाले. शब्द परत येतील, पण त्याने झटलं पाहिजे. डेस झटत नव्हता. बोलायला शिकवणारी बाई कप, कुत्रा, छत्री अशी चित्रं घेऊन आली, की तो भिंतीकडे तोंड फिरवायचा. घरातले सगळे त्याच्याशी तान्ह्या बाळाशी बोलावं तसं गोड बोलत. त्याने भुवई हलवली तरी "हो हो, डेस, हो" म्हणत.

ग्लेनिस मात्र मुलांना घरोघरी सोडून झालं की रोज यायची आणि भांडायची. आपला मुद्दा मांडायची, मग गप्प बसून उत्तराची वाट बघायची. डेस छताकडे बघत राहायचा. थोड्या वेळाने ती उठायची, "उद्या येते" म्हणायची. गाडीत बसल्यावर तिला रडू यायचं, ते कोणाला ठाऊक नव्हतं.

आज तिने लॅपटॉप त्याच्या मांडीवरच्या उशीवर ठेवला आणि दोन चित्रं शेजारी शेजारी लावली.

"बघ. हा पहिल्या भागातला, मोडका. हा तिसऱ्यातला, अख्खा. वस्तू आधी अख्खी असते, मग मोडते. याला काय मोठी अक्कल लागते? बोल की. का संपलं तुझं सगळं?"

डेसचा चेहरा लाल होत गेला.

"बास!" जॉयलिन दारातून ओरडली. "तुला काळीज आहे का नाही? निघ इथून!"

"निघते," ग्लेनिस म्हणाली. आपण चुकलो असू, हा आत्ता रडला तर पुन्हा या घराची पायरी चढायची नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. तरी ती खुर्चीतून हलली नाही. "त्याने उत्तर दिलं की निघते."

डेसचा डावा हात उठला. बोट लॅपटॉपच्या पडद्याला टेकलं.

"खां..." त्याच्या कपाळावरची शीर तटतटली. "खां... ब."

त्याने बोट पडद्यावर आपटलं.

"खांब. मो... ज."

ग्लेनिस पुढे वाकली. मोडक्या पुलाच्या खांबांचे पाण्यातून वर आलेले दगडी बुंधे तिने मोजले. पाच. अख्ख्या पुलाचे खांब मोजले. तीन. तिने पुन्हा मोजले. तीन खांबांचा पूल मोडून त्याचे पाच बुंधे होत नाहीत. म्हणजे पाच खांबांचा जुना पूल आधी पडला, आणि मग कोणीतरी नवा बांधला. वीस वर्षं हे चित्र तिच्या डोळ्यांसमोर होतं. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

जॉयलिन भांडी पुसायच्या फडक्यात तोंड लपवून हुंदके देत होती. "बोलला! डेस, राजा, तुझंच बरोबर आहे रे. तुझंच!" तिने पडद्याकडे बघितलंही नव्हतं.

ग्लेनिसने हार मानायला तोंड उघडलं, तोच डेसने डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. पकड जोरकस होती.

"हो... नको म्हणू," तो धापा टाकत म्हणाला. "इथे... सगळे... होच म्हणतात."

ग्लेनिसने बाहीने डोळे पुसले आणि खुर्ची पुढे ओढली.

"बरं मग," ती म्हणाली, "या दोन वेगळ्या नद्याच नसतील कशावरून?"