तुमच्यात

सकाळी अकरा वाजता उदगीरच्या एका दवाखान्यात बानोला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर असल्याचं कळलं.

"बराच पसरलाय. आधी का नाही आणलंत आईंना?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

लेक हुमा भडकली. "आणलं होतं की उन्हाळ्यात! पाळी गेल्यावरबी रक्त जातंय, म्हणून सांगितलं. तुम्ही हात न लावता म्हणालात, तुमच्यात हा आजार कमी असतो."

"कमीच असतो. अभ्यास आहेत तसे."

"अभ्यासात असंल कमी. अम्मीला हाय ना!"

बाहेर बाकावर बुरख्यातली एक बाई नंबराची वाट बघत होती. "तपासल्याबिगर उठू नका, आपा," हुमा तिला म्हणाली.

"मलाबी मागल्या खेपेला न तपासताच लावून दिलं," ती म्हणाली. "रक्त अजून थांबलं न्हाई."