मुठीतली चावी

चर्चच्या कोपऱ्यातला संत पेत्राचा पुतळा रंगवायला घेतला आणि त्याची स्वर्गाची चावीच तुटून रंगाऱ्याच्या हातात आली. खाली मुठीत आवळलेली थैली दिसली, नाण्यांनी फुगलेली. रंगाऱ्याला दरदरून घाम फुटला. हा कसला पेत्र, हा तर पैशासाठी येशूला पकडून देणारा यहूदा! कुणा जुन्या कारागिराने चावी थापून त्याला संत करून टाकलं होतं.

"बाबा रे, चावी चिकटव आणि तोंडाला कुलूप लाव," फादर कुजबुजले.

पण रंगाऱ्याला चैन पडेना. त्याची आई जन्मभर त्याच पुतळ्यापुढे मेणबत्ती लावत आली होती. आजारपणात त्याचा जीव, बहिणीचं लग्न, सगळं तिथेच मागितलं आणि मिळालंही. मग ऐकलं तरी कोणी? की कोणी ऐकतच नाही?

शेवटी जेवताना त्याच्या तोंडून निघूनच गेलं, "आई, तुझा पेत्र यहूदा निघाला गं."

आईचा घास हातातच राहिला. तिचे डोळे भरून आले.

"अरे देवा! इतकी वर्षं सगळे त्याच्याकडे मागत बसलो. त्याच्यासाठी कुणी काही मागितलंच नाही की रे!"