ऐंशी पौंड

हातपंपाचा दांडा नागसेनने पाचव्यांदा दाबला आणि टेबलावरचे दोन्ही मीटर पुन्हा निरखले. डावा त्याचा स्वतःचा, खात्रीचा. त्याचा काटा चाळीस पौंडांवर थांबला. उजवा जुन्या ट्रकमधून काढून आणलेला, ब्रेकच्या हवेचा दाब दाखवणारा. त्याचा काटा ऐंशीवर होता, ब्रेक लागायला पुरेल इतक्या दाबावर.

त्याने हवा सोडली. दोन्ही काटे मुकाट शून्यावर आले. शून्यावर काहीच चूक नव्हती, म्हणून तर कधी कुणाला संशय आला नव्हता.

ट्रक एकावन्न सालचा, विलायती. बावीस वर्षं शेडमध्ये सडत पडलेला. ट्रान्सपोर्ट कंपनीला तो आता नव्या ऑफिससमोर चौथऱ्यावर उभा करायचा होता. जुने मीटर जिवंत करणारा माणूस तेलीबाग मोहल्ल्यात आहे असं कळल्यावर मालकाने नागसेनला बोलावलं. हा तोच ट्रक चालवणाऱ्या ईश्वर ड्रायव्हरचा मुलगा, हे या तरुण मालकाला ठाऊक नव्हतं. नागसेननेही सांगितलं नाही. नंबर प्लेट त्याने दोनदा वाचली आणि काम घेतलं.

मीटरच्या पाठीवर तपासणीची कागदी पट्टी लाखेने चिकटवलेली होती. लाख शाबूत, म्हणजे त्यानंतर मीटर कुणी उघडलेला नव्हता. पट्टीवरची तारीख चौऱ्याहत्तरच्या अपघाताच्या एकोणीस दिवस आधीची. आज सकाळी त्याने ती जपून सोडवली आणि मीटर उघडला. आत काट्याला हलवणारी नखाएवढी धातूची पट्टी कधीतरी तुटली होती. कुणीतरी भलताच आखूड तुकडा डाग देऊन तिथे बसवला होता. त्यामुळे काटा दुप्पट पळत होता.

"आई, जरा इकडे ये."

गयाबाई दारात मटार सोलत बसल्या होत्या. परात बाजूला सारून गुडघ्यावर हात देत उठल्या. "आधी जेवून घे. भाजी गार झाली."

"आधी हे बघ." त्याने पंप दाबला. "आकडे वाच."

गयाबाईंना अक्षरओळख नव्हती, पण आकडे कळत. "हा चाळीस. हा ऐंशी. खरा कुठला?"

"चाळीस. दुसरा बाबांच्या गाडीचा आहे."

गयाबाई टेबलाजवळ सरकल्या.

चौऱ्याहत्तर साली काठगोदामच्या उतारावर त्या ट्रकचे ब्रेक लागले नाहीत. ट्रक कठड्याला अडकला, पण बटाट्याच्या पोत्यांवर बसलेले सहा मजूर दरीत फेकले गेले. मीटर ठीक आहे, अशी कंपनीच्या मिस्त्रीने कोर्टात साक्ष दिली. हवा भरायच्या आधीच ड्रायव्हरने घाईने गाडी उतारावर घातली, असं ठरलं. ईश्वर शेवटपर्यंत एकच वाक्य बोलत राहिला, काटा ऐंशीवर होता. दोन वर्षांची शिक्षा झाली. चौदाव्या महिन्यात तो तुरुंगातच खोकून खोकून मेला. नागसेन तेव्हा दहा वर्षांचा होता. शाळेत पोरं त्याला काय म्हणत, ते त्याने घरी कधी सांगितलं नाही.

"बाबा खरं बोलत होते, आई," तो म्हणाला. "चूक त्यांची नव्हतीच. मघाशी पीसीओवरून मालकाला फोन केला. म्हटलं, हा मीटर तेव्हाही खोटा होता, लिहून द्या. तर म्हणतो, 'अरे भाई, शोपीस है. सुई हिले न हिले, बस शीशा चमका दीजिए.' पण मी सोडणार नाही. उद्या वकिलाकडे जातो. पट्टी आहे, तारीख आहे."

आई रडेल, असं त्याला वाटलं होतं. हात जोडेल, निदान भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे तरी बघेल. बावीस वर्षांत हा एकच दिवस त्याने मनात इतक्या वेळा पाहिला होता.

"पुन्हा कर," गयाबाई म्हणाल्या.

त्याने केलं. चाळीस. ऐंशी.

"अजून एकदा."

त्याने पुन्हा पंप दाबला. गयाबाई वाकून बघत होत्या. मग हळूहळू खाली बसल्या, तिथेच, फरशीवर. भिंतीचा आधारही घेतला नाही.

"आई, काय होतंय? पाणी आणू?"

"नको." बराच वेळ त्यांनी पदराचं टोक बोटांत धरून ठेवलं. "मी त्या सहाही घरी गेले होते, नागसेन. उंबऱ्यावर डोकं टेकवलं. म्हटलं, माझ्या माणसाने तुमची माणसं मारली, माफ करा. एक म्हातारी तोंडावर थुंकली. पुसलं नाही मी. वाटलं, बरोबरच आहे."

"तुला कुठं माहीत होतं?"

"तुझ्या बाबांना होतं ना." गयाबाईंनी पदर सोडला. "शेवटच्या भेटीत जाळीपलीकडून पुन्हा तेच म्हणाले. गयाबाई, काटा ऐंशीवर होता. मी म्हटलं, बस झालं आता. सहा जीव घेतले, वर खोटं बोलता? निदान माझ्याशी तरी खोटं बोलू नका."

बाहेर गल्लीत भाजीवाला ओरडत गेला. नागसेनचा हात अजून पंपावरच होता.

"मग?"

"मग काही नाही. भेटीची वेळ उरली होती तेवढा वेळ नुसते बघत राहिले माझ्याकडे. एक शब्द बोलले नाहीत." गयाबाईंनी मान वर केली. डोळे कोरडे होते. "मला वाटलं, कबूल झाले."