एकशेदहा गाई

"इथे भोक होतं," ऑरिन म्हणाला. "अख्खा गोठा गडप झाला असता एवढं."

रॉसने गाडी थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही. समोर टेकडी होती आणि टेकडीवर गुडघाभर गवत. नेब्रास्काच्या या भागात जमीन म्हणजे नुसती वाळू, वर चार बोटं गवताची कातडी. ती कुठे फाटली की वारा आत शिरतो आणि अख्खी टेकडी उपसून नेतो. हे एक भोक बुजवायला ऑरिनने एकोणीस वर्षं घातली होती. उन्हाळाभर कुंपण घालून गाई बाहेर ठेवायच्या. हिवाळ्यात तिथेच चारा टाकायचा, म्हणजे शेण आणि काडीकचरा त्यांच्या खुरांनी वाळूत तुडवला जातो. वाऱ्याला अडवायला जुने टायरसुद्धा अंथरले होते.

"मला काय सांगता, बाबा? टायर मीच ओढून आणले होते."

"हो. आणलेस."

ऑरिनने ही जमीन पोटच्या पोरासारखी सांभाळली, असं लोक म्हणत. पोराला कुणी विचारलं नव्हतं.

म्हातारा ब्याऐंशीचा होता. मार्चमध्ये घोड्यावरून पडून खुब्याचं हाड मोडलं, एप्रिलमध्ये सगळ्या गाई विकाव्या लागल्या, आणि आता मे महिन्यात गवत हे एवढं वर आलं होतं, पण खायला तोंड नव्हतं. म्हणून त्याने मुलाला शहरातून बोलावून घेतलं होतं. सकाळपासून तो त्याला एकेक कुरण दाखवत होता, सोयरिकीला आलेल्यांना घर दाखवावं तसं.

"तर मग ये तू," शेवटी तो समोरच्या काचेकडे बघत म्हणाला. "घर आहे, पाणी आहे, गवत तर बघतोच आहेस. उद्यापासून सगळं तुझं."

"आणि गाई किती ठेवायच्या?"

"एकशेदहा." ऑरिनला आठवावंही लागलं नाही.

रॉस हसला. "अजून एकशेदहाच?"

"जमीन तेवढ्याच पेलते. अर्धं गवत गाईंनी खायचं, अर्धं जमिनीला सोडायचं. त्याच्या वर एक गाय घातलीस तरी..."

"मी चाळीस मागितल्या होत्या." रॉसने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "माझ्या स्वतःच्या चाळीस, इथे चरायला. लग्न ठरलं होतं माझं. तुम्ही जेवता जेवता नाही म्हणालात. ताटातून मान वर केली नाहीत."

"तेव्हा पाऊस नव्हता."

"पुढच्या वर्षी झाला. तेव्हा परत विचारलं."

"एका पावसाने काय होतं रे?"

"काही नाही होत. तुमचंच बरोबर होतं, बाबा. तेच तर दुखतं. चुकला असतात, तर कधीच माफ करून टाकलं असतं."

ऑरिनकडे या भांडणाची सगळी उत्तरं सव्वीस वर्षं तयार होती. पण 'तुमचंच बरोबर होतं' म्हणणाऱ्याला द्यायच्या कामाचं त्यातलं एकही नव्हतं. त्याला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला.

"म्हणजे येणार नाहीस."

"बावन्न वर्षांचा आहे मी. माझ्या पोरांना गाय उठताना आधी पुढून उठते की मागून, तेही माहीत नाही. तुमच्यानंतर हे सगळं मी हॉलिंगला गाई चारायला देणार."

"हॉलिंगला!" शेजारच्या हॉलिंगची कुरणं जुलै उजाडायच्या आत बोडकी व्हायची. "तीनशे घालेल तो इथे! तीनशे!"

"आणि मी चाळीस म्हणत होतो."

"दोन वर्षांत वाळू उडेल, रॉस."

"उडेल," रॉस म्हणाला. त्यालाही त्यात आनंद नव्हता. त्याने गाडी वळवली.

परतीच्या वाटेवर तारेचं फाटक लागलं. इकडे रीत अशी, की गाडी चालवणारा खाली उतरत नाही. शेजारी बसलेल्याने उतरायचं, फाटक उघडायचं, गाडी गेली की बंद करायचं. सहाव्या वर्षापासून शेजारी रॉस बसायचा. आज ऑरिन बसला होता.

"बसा तुम्ही. मी करतो."

"काही नको," म्हणत म्हातारा काठी टेकत उतरला.

उघडायला काही लागलं नाही. गाडी पलीकडे गेली. बंद करताना मात्र ताणलेल्या तारा ओढून टोकाचा दांडा खांबाच्या कडीत बसवावा लागतो. ऑरिनने काठी टाकली, खांद्याने रेटलं, दात आवळून पुन्हा रेटलं. कडी वीतभर लांबच राहिली. गाडीच्या आरशात रॉसचे डोळे दिसत होते.

याच फाटकाशी सहा वर्षांचं पोर रडत रेटत होतं, तेव्हा ऑरिन अर्धा तास गाडीत बसून राहिला होता. शिकेल, असं त्याने घरी आल्यावर बायकोला सांगितलं होतं.

गाडीचं दार वाजलं. रॉस उतरून आला.

"राहू दे उघडंच," ऑरिन धापा टाकत म्हणाला. उभ्या आयुष्यात हे शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघाले होते. "आत एक गाय नाही."

रॉसने त्याच्या हातातून दांडा घेतला, एका रेट्यात कडी अडकवली आणि तारेला दोन हिसके देऊन पाहिले. मग जमिनीवरची काठी उचलून बापाच्या हातात दिली.

"गवत आहे ना तुमचं," तो म्हणाला. "उघडं राहिलं तर तेही निघून जायचं."