सकाळचा पारा

मुलाला स्मशानात पोचवून आल्यापासून शिंप्याने अंथरूण धरलं होतं. अन्नावर वासना नाही, मशीनला हात नाही. त्यात थर्मामीटरवर बायकोचा पारा रोज सकाळी फार खाली दिसू लागला. डॉक्टरीणबाई त्याला म्हणाल्या, “यांना उठल्या उठल्या गरम खायला द्या, कोवळ्या उन्हात फिरवा.”

शिंपी कण्हतकुथत उठायला लागला. अंडी उकडायची, तिच्याबरोबर चार घास खायचे, तिला उन्हात न्यायचं. थर्मामीटरचा पारा मात्र ढिम्म हलेना.

एके दिवशी त्याला तिच्या हाकेआधीच जाग आली. स्वयंपाकघरात बायको फ्रिजमधलं गार पाणी तोंडात धरून उभी होती, हातात थर्मामीटर. तो आल्या पावली परतला आणि डोळे मिटून पडला.

थोड्या वेळाने ती उशाशी आली. “अहो, आजही पारा खालीच.”

“मग उठायलाच हवं,” म्हणत त्याने पांघरूण बाजूला सारलं.