उत्तमरावांच्या गाडीचे ब्रेक

चौथे चाक उतरले आणि पुंजाजी मिस्त्रीने त्याच्यामागचा लोखंडी ड्रम, पूजेचे तबक उचलावे तसा, दोन्ही हातांनी अलगद उचलून उन्हात धरला. आतल्या अंगाला नांगराच्या तासांसारख्या खोल चरे पडले होते.

"पाह्यलं का, अमरसिंग? ह्याच्यानं गाडी थांबन कशी?"

अमरसिंग शेजारच्या बंजारा तांड्यातला. वीस वर्षे ही गाडी त्याच्याच हाती. तो ओणवा झाला, पण अंगणाच्या कडेला जेथून उतार सुरू होत होता, तेथे त्याची नजर खिळली होती.

मानोरा गावाजवळच्या टेकडीवर उत्तमरावांचे घर होते. देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी उत्तमराव गेले. त्याला आता सात वर्षे झाली होती. मागे राहिली ती गाडी. विलायतेत घडलेली, काळीभोर, हत्तीच्या गंडस्थळासारखे भव्य पुढचे अंग, दोन्ही बाजूंना चांदीच्या धारेसारख्या रेघा. पुंजाजीने अकोल्याच्या कारखान्यात अठरा वर्षे गाड्यांची सेवा केली होती. तरीही या गाडीला स्पर्श करण्यापूर्वी तो हात धुऊन येई. लेक सासरी जाईल ती याच गाडीतून, हा उत्तमरावांचा अखेरचा शब्द होता. ती लेक, चंदा, आज दुपारी पोहरादेवीजवळच्या सासरी निघायची होती.

अडचण उताराची होती. गेल्या चैत्रात गाडी तेथे आवरली नाही. गाडीपुढे चालण्याचा मान हिरा आणि माणिक यांचा. त्यांतला हिरा गुडघ्यांवर कोसळला आणि गाडीने त्याला दहा हात रेटत नेले. अमरसिंगने दोन महिने स्वतः त्याचे गुडघे शेकले. तेव्हापासून गाडी अंगणातच होती.

"मिस्तरी, एक सांगून ठेवतो," अमरसिंग अखेर म्हणाला. "हिरा माह्या हातचा वाढला. पुन्हा त्याच्या अंगावर गाडी गेली, तर मी कोणाले तोंड दाखवणार नाही. भरोसा नसन तर आत्ताच बोला. पोरगी बसनं जाईन."

"अन् चंदाच्या मायले कोण सांगन? तू?"

अमरसिंगने नव्या पट्ट्यांचे पुडके त्याच्यापुढे सरकवले.

पुंजाजी कामाला लागला. ड्रमला आतून दाबून चाक थांबवणाऱ्या, चंद्रकोरीच्या आकाराच्या लोखंडी शूवरून त्याने झिजलेले पट्टे सोडवले, नवे बसवले आणि तांब्याच्या खिळ्यांनी जखडले. प्रत्येक खिळ्याचे डोके पट्ट्याच्या आत बुडाले की नाही, हे तो डोळे मिटून बोटाने पाहत होता. एक जरी डोके वर राहिले असते, तर अकोल्याहून आणलेला नवा ड्रम महिन्याभरात चिरला गेला असता.

तीन चाके चढली. पुंजाजी पाणी पिऊन परतला, तो उत्तमरावांच्या पत्नी तुळसाबाई चौथ्या ड्रमासमोर ताट घेऊन बसलेल्या. ड्रमाच्या आत तेलाची धार चमकत होती.

"बाई! हे काय केलं?"

"काय केलं म्हंजे? नवं लोखंड हाय. तेल-कुंकू लावलं. पूजेबिगर कसं बसवू देऊ?"

"देवाले तेल चालते, बाई. ब्रेकले नाही. चाक थांबाचं नावच घेणार नाही."

"पाहा!" अमरसिंग कपाळावर हात मारून म्हणाला. "माह्या हिराच्या जीवावर घरचेच उठले!"

तुळसाबाई ओशाळल्या. "मंग आता रे, पुंजाजी? त्यायचा शब्द जाते का माह्या हातानं?"

"नाही जात. कढत पाणी आणा. धुण्याचा सोडा बी."

पेट्रोलने ड्रम क्षणात स्वच्छ झाला असता. पण पेट्रोल त्या घरात नव्हते. पुंजाजीने सोड्याच्या पाण्याने तो तीनदा धुतला, कोऱ्या फडक्याने पुसला, उन्हात वाळवला. मग बाहेरच्या अंगाला आपल्या बोटाने कुंकू लावले.

"इथं चालते, बाई."

दुपारी पाच जणांनी गाडी उताराच्या तोंडाशी ढकलत आणली. अमरसिंग आत स्टिअरिंगचे चक्र धरून बसला. पुंजाजी चालत खाली गेला आणि हिरा पडला होता नेमक्या त्या ठिकाणी, रस्त्याच्या मधोमध उभा राहिला.

"मिस्तरी, बाजूले व्हा!"

"हिराच्या जागी उभा हाय मी. सोड गाडी."

"काहून मले पापात टाकता?"

"सोड म्हणलं ना!"

गाडी निघाली. एवढे प्रचंड यान, पण त्याचा नाद नाही. केवळ चाकांखालच्या खड्यांची करकर. रेघांवर ऊन लखलखत होते. पुंजाजीला पळण्याचे भान राहिले नाही. एखादे शिखर आपण होऊन आपल्या भेटीला उतरून येत आहे, असे त्याला वाटले आणि त्याचे हात आपोआप जोडले गेले. मग नव्या पट्ट्यांचा बारीक सूर उमटला. गाडीने मान लववली आणि त्याच्या जोडलेल्या हातांपासून वीतभर अंतरावर ती थांबली.

वर उभे असलेले सगळे उताराच्या कडेला धावले.

अमरसिंग उतरला. हातब्रेक ओढलेला होता. गाडी त्या तीव्र उतारावर पर्वतासारखी निश्चल होती. त्याने पुंजाजीच्या पायांवर डोके ठेवले. "माहा हिरा वाचला, मिस्तरी."

"उठ. पोरगीले बसव. मुहूर्त चालला."

चंदाला तेथेच आणून मागच्या गादीवर बसवले. तुळसाबाईंनी लेकीची दृष्ट काढली, मग गाडीची.

अमरसिंगने गाडीचे पुढचे झाकण उचलले, आत इंजिनाच्या जागी रचलेल्या कडब्यावर आणखी दोन पेंढ्या ठेवल्या, झाकण लावले आणि लाकडी दांडी पुढे जखडून वर हाक दिली. तशी घुंगरमाळा वाजवीत हिरा आणि माणिक उतरून आले आणि आपण होऊन जुवाखाली माना देऊन उभे राहिले.